उन्हाच्या तोंडचं पाणी

पाऊस पडत असताना शेत रिकामं ठेवायचं आणि पाऊस निघून गेला की पेरायला काढायचं. ऐकायला उलटं वाटतं, पण नगर जिल्ह्याच्या (२०२४पासून अहिल्यानगर) पूर्व आणि दक्षिण पट्ट्यात, शेवगाव, पाथर्डी, जामखेड, कर्जतच्या भारी काळ्या रानांत, हे पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. जून ते सप्टेंबर जमीन नांगरून, वखरून मोकळी. आता पुष्कळ जण मधल्या दिवसांत उडीद-मूग उरकून घेतात, सोयाबीनही करतात. पण खरी मदार रब्बीवरच. उत्तरा आणि हस्ताचा पाऊस झाला, रानाला वापसा आला, की पाभर बाहेर निघते. त्यानंतर आभाळातून फारसं काही येत नाही. तरीही फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच रानातून ज्वारी निघते, हरभरा निघतो, करडई निघते. करडई तर तेलाचं पीक.

पाऊस नाही, कालवा नाही, विहीर असली तर तळाला गेलेली. मग साडेचार महिने हे पीक प्यालं काय?

उत्तर पायाखाली आहे. दख्खनच्या काळ्या मातीतली चिकणमाती अतिसूक्ष्म पापुद्र्यांची असते. पाणी मिळालं की ते पापुद्र्यांमध्ये शिरतं आणि माती फुगते. पाणी गेलं की आक्रसते आणि भेगाळते. अशी मीटरभर खोल जमीन पूर्ण भिजली, तर पिकाला ओढून घेता येईल असं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी तिच्यात राहतं. ‘मिलिमीटर’ म्हटलं की ते डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून हिशोब करू. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे चार हजार लिटर. दीडशे मिलिमीटर म्हणजे सहा लाख लिटर. उन्हाळ्यात या तालुक्यांतल्या वस्त्यांवर जो दहा हजार लिटरचा टँकर येतो, तसे साठ टँकर एका एकराच्या पोटात, आणि वर उभं राहून पाहिलं तर एक थेंब दिसत नाही.

हे पाणी जमवणं सोपं नाही. सह्याद्री ढगांना आधीच पिळून घेतो. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातल्या घाटघरला, काही वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. पूर्वेकडे निघालं की शंभरेक किलोमीटरच्या आत तो साडेपाचशे-सहाशेवर येतो, आणि तोही लहरी. जुलै-ऑगस्टमध्ये तीन-तीन आठवडे डोळे वटारतो आणि सप्टेंबरात एकदम कोसळतो. ज्यानं पहिल्यांदा पावसाच्या भरवशावर न पेरता मातीच्या भरवशावर पेरायचं ठरवलं, त्याचं नाव कोणाला माहीत नाही. पण हवामानखातं जन्मायच्या कितीतरी आधी त्यानं इथल्या पावसाचा स्वभाव ओळखला होता.

आता खरी गोष्ट. जमिनीतल्या या पाण्याला दोन गिऱ्हाइकं आहेत. एक ऊन: मातीच्या पृष्ठभागातून, भेगांच्या भिंतींतून ते पाणी वाफ करून नेतं आणि बदल्यात काही देत नाही. दुसरं पीक: तेही पाणी हवेतच सोडतं, पानांच्या रंध्रांमधून, मुळांनी उचललेल्या पाण्यातला शेकडा पंचाण्णवहून जास्त हिस्सा असाच जातो. पण ते दार उघडं असतं तेव्हाच हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याची साखर होते. पाणी बाहेर, कार्बन आत, असा तो रोकडा व्यवहार. ऑस्ट्रेलियातल्या जॉन पासिऊरा यांनी १९७७मध्ये कोरडवाहू शेतीचं सगळं कोडं एका ओळीच्या गुणाकारात बसवलं: पिकातून गेलेलं पाणी, गुणिले त्या पाण्यामागे तयार झालेला पाला-काडी-दाणा, गुणिले त्यातला दाण्याचा हिस्सा. या सूत्रात पावसाचा आकडाच नाही. पाऊस किती पडला यापेक्षा त्यातलं किती पाणी पिकाच्या अंगातून गेलं, हा प्रश्न.

मला या विषयात सर्वांत चकित करणारी गोष्ट हीच वाटते. पेरणीची तारीख, दोन ओळींमधलं अंतर, खताची मात्रा, कोळपणी, यांतली एकही गोष्ट शेतात थेंबभर पाणी आणत नाही. आणि तरी या गोष्टींवर पीक येतं किंवा जातं. कारण सहा लाख लिटरचा वाटा उन्हाला किती आणि पिकाला किती, हे त्यांनी ठरतं.

या वाटपात करडईइतकं हुशार गिऱ्हाईक दुसरं क्वचितच. उगवल्यावर पहिले तीन-चार आठवडे तिच्याकडे बघून नवखा माणूस निराश होईल. पानं जमिनीलगत चक्राकार पसरलेली, उंची काही नाही. पण त्या काळात सगळी कमाई खाली चाललेली असते. सोटमूळ सरळ खाली उतरतं; खोल जमिनीत ते दोन मीटर, कधी त्याहूनही खाली गेल्याच्या नोंदी आहेत. ज्वारी-हरभऱ्याची मुळं जिथे हात टेकतात, तिथून पुढचं पाणी करडईच्या वाट्याला. उन्हाचा हात तर तिथवर पोचतच नाही.

या मुळाची कीर्ती फार लांब पोचली आहे. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात कोरडवाहू गव्हाच्या पट्ट्यांत एक वेगळंच दुखणं होतं. जमीन पडीक ठेवून साठवलेलं पाणी पिकाला पुरून उरायचं, खोल झिरपून खालच्या अंगाला क्षार घेऊन वर यायचं आणि रानं पांढरी पडायची. उपाय म्हणून तिथे वरच्या अंगाला लसूणघास आणि करडई लावतात, खालचं जादा पाणी पिऊन टाकायला. मोंटानात ती पाण्याचा निचरा करते आणि पाथर्डीत दुष्काळात तग धरते. दोन्हीकडे मूळ तेच.

पण मुळाला खाली जायला पाणी खाली गेलेलं हवं, आणि तिथूनच माणसाचं काम सुरू होतं. या कामाची शास्त्रशुद्ध सुरुवात जवळच झाली. मुंबई इलाख्याच्या शेतीखात्यातल्या ताम्हाणे यांनी १९२३मध्ये पुण्याजवळ मांजरीला कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू केले. १९३३पासून सोलापूरला हे काम मोठ्या प्रमाणावर उभं राहिलं आणि एन. व्ही. कानिटकरांसारख्या मराठी शास्त्रज्ञांनी ते पुढे नेलं. बांधबंदिस्ती, खोल मशागत, ओळींमध्ये जास्त अंतर, कमी बियाणं, वारंवार कोळपणी, असं त्यातून जे निघालं ते ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणून ओळखलं गेलं. १९६८मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं मुख्यालय याच जिल्ह्यात राहुरीला आहे, आणि सोलापूरचं केंद्र आज त्याच विद्यापीठाकडे. तिथूनच १९८२मध्ये करडईचा ‘भीमा’ हा वाण आला, जो पुढे कोरडवाहू रानांत घरोघरी झाला.

या विद्यापीठाची पहिली शिफारस पेरणीच्या दोन-अडीच महिने आधीची. जुलैत, रान मोकळं असताना, उताराला आडवे छोटे चौरस वाफे पाडायचे, साधारण ३.६० मीटर बाय ३.६० मीटरचे. बळीराम नांगरानं पाडा नाहीतर ट्रॅक्टरच्या सारा यंत्रानं. सप्टेंबरातला धो-धो पाऊस अशा रानातून पळत नाही. प्रत्येक चौकोन आपापलं पाणी धरून बसतो आणि ते खाली मुरतं. सप्टेंबरच्या मध्यानंतर वाफे मोडायचे आणि पेरायचं. यात सिमेंट नाही, अनुदानाचा फलक नाही, उद्घाटन नाही. त्यामुळेच बहुधा याची बातमी होत नाही.

मग तारीख. कोरडवाहू करडई सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, फार तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. लवकर पेरली तर उरलेल्या पावसाचं पाणी मुळांशी साचतं, पानांवर ठिपके येतात, रोपं मरतात. उशिरा पेरली तर वरचा थर वाळलेला, बी ओलीपर्यंत पोचत नाही. थंडीत रोप बसकंच राहतं आणि डिसेंबर-जानेवारीच्या ढगाळ हवेत मावा येतो तेव्हा ते कोवळं सापडतं. माव्यानं काळी चिकट झालेली करडई ज्यानं पाहिली आहे, त्याला तारखेचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. आठ-दहा दिवसांच्या फरकानं औषधाची फवारणी वाचते आणि पाण्याचाही मेळ बसतो. या उपायाला खर्च शून्य.

खताची गोष्ट मात्र मी जरा सविस्तर सांगणार, कारण तिथे बहुतेकांची समजूत उलटी असते. कोरडवाहू करडईला हेक्टरी ५० किलो नत्र आणि २५ किलो स्फुरद ही शिफारस. एकरात मोजलं तर युरियाची जेमतेम एक गोणी आणि सिंगल सुपर फॉस्फेटची सव्वा. सुपर फॉस्फेटमधून गंधकही मिळतं, आणि तेलबियांना ते हवंच असतं. पण किती द्यायचं यापेक्षा कुठे द्यायचं हे इथे जास्त महत्त्वाचं. दोन चाड्यांची पाभर घ्यायची; एका चाड्यातून खत, दुसऱ्यातून बी. सगळं खत पेरतानाच, बियाच्या खाली, ओलीत. नंतर वरून फेकायचं नाही.

कारण साधं आणि विलक्षण आहे. मूळ खत चावून खात नाही. नत्र असो की स्फुरद, पाण्यात विरघळलेल्या रूपातच ते मुळात शिरतं. नत्र पाण्याबरोबर वाहत तरी येतं. स्फुरद मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातून मिलिमीटर-मिलिमीटरनं सरकतं. नगरच्या चुनखडीच्या जमिनीत तर ते चुन्याशी बांधलं जाऊन जागच्या जागी अडकतं. नोव्हेंबरात वरचे चार बोटं कोरडे झाले, की तिथलं खत कुलपात गेलं. पाणी दोन फुटांवर, खत दोन इंचांवर. पीक दोन्हींच्या मधोमध उपाशी. म्हणून रब्बीतल्या कोरडवाहू पिकाला खत खाली, पाण्याच्या सोबत.

आता खत पाणी कसं वाचवतं? तीन वाटांनी. स्फुरदामुळे सुरुवातीची मुळं जोमानं वाढतात आणि खालचं पाणी, जे नाहीतर तसंच राहिलं असतं, हाती लागतं. नत्रामुळे पानं लवकर पसरतात, ओळींमधली उघडी माती सावलीत जाते आणि उन्हाचा वाटा कापला जातो. तिसरी वाट पानाच्या आत आहे. पानातल्या नत्राचा मोठा भाग साखर बनवणाऱ्या यंत्रणेत असतो. नत्र कमी असलेलं पानही रंध्रं उघडतं, पाणी जातंच. पण आत आलेल्या कार्बनाचं करायला कारागीर कमी. त्याच थेंबावर कमी साखर. गेऑर्ग लीबशर या जर्मन शास्त्रज्ञानं १८९५मध्ये मांडलं होतं की, जी गोष्ट सर्वांत तुटपुंजी असते तिचा उपयोग बाकीच्या गोष्टी जितक्या पुरेशा तितका जास्त होतो. ‘पाणीच नाही तर खत कशाला टाकायचं’ या आपल्याकडच्या नेहमीच्या वाक्याला हे सव्वाशे वर्षांचं जुनं उत्तर आहे. पाणी कमी आहे म्हणूनच ते उपाशी पानातून वाया घालवणं परवडत नाही.

याला दुसरी बाजू आहेच. बागायती पिकाच्या सवयीनं नत्राचा मारा केला, तर करडई डिसेंबरातच पानांचा डोलारा उभा करते, साठा संपवते आणि बोंडं भरायच्या वेळी तळ कोरडा. पासिऊरांच्या गुणाकारातला तिसरा आकडा, दाण्याचा हिस्सा, तिथे कोसळतो. पाला भरपूर आणि बोंडं पोचट.

विरळणीतही असाच पेच आहे. ४५ बाय २० सेंटीमीटर अंतरानं हेक्टरी सुमारे १ लाख ११ हजार झाडं बसतात. हेक्टरी दहा किलो बियाण्यात त्याहून बऱ्याच जास्त बिया असतात, म्हणून उगवल्यावर दहा-पंधरा दिवसांत जास्तीची रोपं उपटायची. जिवंत, टवटवीत रोपं उपटायला हात धजत नाही, हे खरं. पण दाट ठेवलेली झाडं एकमेकांचं पाणी लवकर संपवतात. विरळ झाडाला फांद्या जास्त फुटतात, बोंडं जास्त लागतात आणि जागेची भरपाई होते. शिवाय उपटलेलं वाया जात नाही. लसणाच्या फोडणीवर केलेली कोवळ्या करडईची भाजी आणि भाकरी ज्यांच्या घरी होते, त्यांना विरळणीचं शास्त्र पटवून द्यावं लागत नसणार.

कोळपणीची शिस्त रब्बी ज्वारीत फार देखणी बांधलेली आहे: तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं, पाचव्यात अखंड फासाचं, आठव्यात दातेरी. पहिली दोन तण काढतात आणि वर भुसभुशीत कोरडा थर करतात. खालून वर येणारी पाण्याची केसासारखी बारीक वाट तिथे तुटते, आणि ऊन त्या थराच्या पलीकडे पोचू शकत नाही. दातेरी कोळपं भेगा बुजवतं. काळ्या जमिनीची भेग म्हणजे उन्हाला थेट तळघराचा जिना. करडईत हे सगळं लवकर उरकावं लागतं, कारण एकदा ती वाढली की काट्यांमुळे रानात पाय ठेवता येत नाही.

आणि समजा शेततळ्यात एखादं पाणी देण्याइतका साठा असलाच, तर? पेरणीनंतर महिन्याभरानं पहिलं आणि जमलं तर फुलोऱ्याला, पंचावन्न-साठ दिवसांनी, दुसरं. अट एकच: भेगा पडायच्या आत. भेगाळलेल्या रानात पाणी सोडलं, तर ते भेगांतून धावत खाली जातं, मुळं एकदम बुडतात, मर लागते आणि उभं पीक वाळतं. तहानेनं नाही, उशिरा मिळालेल्या पाण्यानं. शेततळ्यांचं म्हणाल, तर पावसाचं पळतं पाणी अडवणारं शेततळं ही चांगली गोष्ट; पण बोअरचं पाणी उपसून प्लॅस्टिकच्या तळ्यात उघड्यावर साठवणं म्हणजे जमिनीच्या पोटात सावलीत बसलेलं पाणी वर आणून उन्हाच्या पुढ्यात वाढणं. हा प्रकार कमी नाही.

एवढं करून एकरी उतारा ज्वारीच्या मानानं कमीच दिसतो, आणि लोक नाक मुरडतात. पण तुलना किलोत करू नये. नेदरलँड्सच्या पेनिंग डी फ्रीस यांनी सत्तरच्या दशकात हिशोब मांडला की, झाडानं एक ग्रॅम ग्लुकोज खर्च केलं तर पिष्टमय पदार्थ सुमारे ०.८ ग्रॅम होतात, तेल मात्र ०.३३ ग्रॅम. म्हणजे तेलाच्या एका ग्रॅममागे तीन ग्रॅम साखर जाते. झाडाची ही उधळपट्टी नाही. तेलात वजनामागे ऊर्जा दुपटीहून जास्त असते, आणि लहानशा बीत रोपाची पुढची शिदोरी भरायची तर तेल सोयीचं. पावसाशिवायच्या रानात हे असं महागडं सामान तयार होतं, तेही शेकडा सत्तरहून जास्त लिनोलिक आम्ल असलेलं, जे आपल्या शरीराला स्वतः बनवता येत नाही.

मग करडई गेली कुठे? १९८०च्या दशकात देशात सात-आठ लाख हेक्टरवर असलेलं हे पीक घसरत घसरत लाखाच्या आसपास आलं. देशाचं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येत असताना. सोयाबीन आणि हरभऱ्यानं जागा घेतली, स्वस्त आयात तेलानं भाव पाडला, पण रानातलं कारण विचारलं तर उत्तर एकच येतं: काटे. हातापायांना फडकी गुंडाळून, पहाटे दवानं काटे मऊ असताना काढणी करायला आता मजूर मिळत नाही. ज्वारीच्या कडेनं करडईच्या ओळी लावल्या की गुरं आत शिरत नसत. तोच काटा शेवटी मालकालाही बाहेर ठेवू लागला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं, नारीनं, बिनकाट्याचे वाण दिले. नारी-६ आणि नारी-एनएच-१ हा बिनकाट्याचा संकर, दोन्ही २००१च्या सुमारास. कुसुंबी रंग ज्या पाकळ्यांतून निघायचा, त्या पाकळ्या खुडणंही त्यामुळे शक्य झालं. कम्बाइन हार्वेस्टर जिथे पोचतो तिथे काट्यांचा प्रश्न तसाही उरत नाही.

एक गोष्ट मात्र करडईचे भक्त सहसा सांगत नाहीत. ती जमीन फार खोलपर्यंत रिकामी करून जाते. हिवरे बाजारात पोपटराव पवारांच्या पुढाकारानं गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं. किती पडलं, किती मुरलं, त्यावरून रब्बीत काय पेरायचं ते ठरतं. तसाच ताळेबंद एका शेताचाही असतो. करडईनंतरच्या पावसाळ्यात तो दोन मीटरचा कोरडा थर भिजला नाही, तर पुढच्या हस्तात त्याच रानात पुन्हा करडई टाकणं म्हणजे तिच्या मुळाला रिकाम्या विहिरीत सोडणं. म्हणून त्या रानात पुढच्या वर्षी ज्वारी किंवा हरभरा, ज्यांचं काम वरच्या ओलीवर भागतं. मर रोगाची बुरशीही जमिनीतच राहत असल्यामुळे ही फेरपालट दुहेरी कामाची. पेरायच्या आधी लोखंडी सळई रानात दाबून पाहावी. ओल जिथवर असते तिथवर ती हाताच्या जोरावर जाते, आणि कोरडी माती लागली की थांबते.